शिडी परत करायला आलो

दीनानाथ खांबेट्यांचं इंग्रजी ऐकून इंग्लंडातल्या वॉटफर्डमधली माणसं आधी दचकायची आणि मग हसायची. माणूस मूळचा मिरजेचा, अडतीस वर्षं छापखान्यात यंत्रापाशी उभं राहून काढलेली, अंगात सुनेत्राबाईंनी विणलेला स्वेटर, आणि दुकानातल्या बाईने पिशवी हातात दिली की हा गृहस्थ डोक्यावर नसलेल्या टोपीला बोट लावून म्हणणार, "मच ऑब्लाइज्ड, मॅम." बसमध्ये कोणी जागा दिली तर "दॅट्स मायटी नेबर्ली ऑफ यू." सुनेत्राबाई अशा वेळी खिडकीबाहेर बघत बसायच्या. हे आपल्याबरोबर नाहीत, असं त्यांना पाठमोरं राहूनसुद्धा दाखवता यायचं.

या काउबॉयछाप इंग्रजीचं मूळ होतं घरमालक कलन. सहासष्ट साली दीनानाथ वॉटफर्डला आले तेव्हा पंचवीस वर्षांचे होते. स्टेशनच्या पलीकडे एका ओळीतल्या घरात वरची खोली त्यांना मिळाली. कलन आयरिश. आठवडाभर रस्ते खणायचा, शनिवारी प्यायचा आणि रविवारी चर्चमधून आल्यावर ओव्हनमध्ये मांसाचा तुकडा सरकवून पुढच्या खोलीत ग्रामोफोन लावून बसायचा. त्याच्याकडे रेकॉर्ड्स एकूण चार. चारही एकाच गवयाच्या. वेंडल डकेट नावाच्या अमेरिकन माणसाच्या. आयरिश माणसाला या अमेरिकन खेड्यातल्या गाण्यांचं इतकं वेड का, हे दीनानाथांना कधी कळलं नाही, पण फायदा त्यांचाच झाला. शाळेत शिकलेलं इंग्रजी त्यांना वाचता यायचं, ऐकता यायचं नाही. कलन बोलायचा ते तर तोंडात गरम बटाटा धरून बोलल्यासारखं. डकेट मात्र सावकाश गायचा. एकेक शब्द निवडून ताटात ठेवावा तसा. दीनानाथ जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून ऐकायचे. तिसऱ्या रविवारी कलनने दार उघडं ठेवलं, पाचव्या रविवारी खुर्ची पुढे केली.

तिसऱ्या रेकॉर्डच्या उलट्या बाजूला एक गाणं होतं. त्याचं नाव कोणालाच माहीत नव्हतं, कारण कलनने त्या बाजूवर वर्षानुवर्षं चहाचा मग ठेवला होता आणि मधल्या कागदावरची शाई पार पुसून गेली होती.

"हे कुठलं गाणं?" दीनानाथांनी विचारलं.

"हे? ही उलटी बाजू," कलन म्हणाला. त्याच्या लेखी तेवढी ओळख पुरेशी होती.

पण दीनानाथांना ते गाणं पहिल्याच दमात कळलं. एक माणूस आहे. अकरा वर्षांपूर्वी त्याने एका बाईच्या घरून शिडी नेली होती. मग काहीतरी बिनसलं. आज तो अकरा मैल चालत ती शिडी परत करायला आलाय. 'आय केम टू ब्रिंग द लॅडर बॅक.' तो दार वाजवत नाही, माफी मागत नाही. शिडी दाराशी ठेवतो आणि निघून जातो. एवढंच. मध्ये कुत्रं एकदा भुंकतं.

दीनानाथांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला कारण होतं. मिरजेला त्यांचे वडील आणि काका एकमेकांशी नऊ वर्षं बोलत नव्हते, आणि तेसुद्धा एका घंघाळापायी. दीनानाथांच्या ताईच्या लग्नात काकांकडून तांब्याचं मोठं घंघाळ आणलं होतं. लग्नानंतर ते परत करायचं राहिलं. काकांनी चारचौघांत विचारलं, "काय दादा, घंघाळ पचवलंत वाटतं?" झालं. वडील म्हणाले, आता तर देतच नाही. तेव्हापासून ते घंघाळ न्हाणीघराच्या कोपऱ्यात उपडं पडून होतं. त्यात कोणी पाणीही तापवत नसे आणि ते कोणी हलवतही नसे. अमेरिकेत शिडी, मिरजेत घंघाळ. बाकी गाणं जसंच्या तसं.

त्या रात्री दीनानाथांनी निळ्या एरोग्रामवर ते अख्खं गाणं मराठीत उतरवून वडिलांना पाठवलं. सोबत काही उपदेश नाही. फक्त 'येथे असे गाणे ऐकले, बरे वाटले म्हणून कळवितो.' दीड महिन्याने उत्तर आलं. 'चि. दीनानाथ यास अनेक आशीर्वाद. तुझ्या गवयाची शिडी वाचली. माणूस शहाणा दिसतो. काल सकाळी घंघाळ चिंचेने घासून डोक्यावर घेतले व बापूकडे नेऊन ठेवले. दार वाजवायचे नाही असे ठरविले होते, परंतु घंघाळ खाली ठेवताना इतका आवाज झाला की सारा वाडा जागा झाला. बापूने चहा केला. साखर जास्त होती.'

तेव्हापासून वेंडल डकेटचं ते उलट्या बाजूचं गाणं दीनानाथांना स्तोत्रासारखं झालं. पुढे लग्न झालं, ते कलनचं घर सोडून दुसरीकडे राहायला गेले, मुलगी झाली, कलन वारला. रेकॉर्ड पुन्हा कानावर पडली नाही, पण गाणं डोक्यात पक्कं बसलं होतं. दुसऱ्याची वस्तू घरात राहिली की त्यांना अन्न गोड लागत नसे. मंडळाच्या गणपतीत कोणी डब्यातून मोदक दिले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी आठला डबा घासून पुसून त्यांच्या दारात. आरत्यांच्या पुस्तकात कोणाचा चष्मा राहिला तर हे गृहस्थ बस पकडून हेमेल हेम्पस्टेडला. "अहो, लोक अजून झोपलेले असतात," सुनेत्राबाई सांगायच्या. "मग दाराशी ठेवून येतो," हे उत्तर ठरलेलं.

दोन हजार चार साली छापखान्यातून निवृत्त होऊन दीनानाथ घरी बसले आणि सुनेत्राबाईंच्या डोक्याला ताप सुरू झाला. त्या अजून शाळेच्या जेवणघरात कामाला जात होत्या. परत येऊन बघावं तर मसाल्याचे डबे उंचीप्रमाणे लावलेले. तेव्हा एके दिवशी लायब्ररीत लावलेल्या जाहिरातीची बातमी त्यांनीच आणली. "ते तुमचे डकेट की कोण, त्यांच्या गाण्यांची दुपार आहे म्हणे रविवारी. वॉटफर्ड लोन स्टार कंट्री क्लब. जाऊन या. सावकाश या."

दीनानाथांनी चॅरिटीच्या दुकानातून एक रुंद काठाची टोपी आणली. ती घालून ते आरशासमोर उभे राहिले.

"कशी दिसते?"

"जत्रेत फोटो काढतात ना, पुठ्ठ्यातून तोंड बाहेर काढून," सुनेत्राबाई म्हणाल्या, "तशी."

क्लब भरायचा एका सोशल क्लबच्या मागच्या हॉलमध्ये, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी दोन ते सहा. आत पाऊल टाकताच दीनानाथांना वाटलं, आपण नाटकाच्या रंगपटात शिरलो. साठीपासष्टीची माणसं जाकिटं आणि उंच बूट घालून हिंडत होती. काहींच्या कमरेला खेळण्यातली पिस्तुलं. आठदहा बाया ओळीत उभ्या राहून एकदम डावीकडे आणि एकदम उजवीकडे वळत होत्या. टेबलावर चीजची सँडविचेस. छातीवर पितळी चांदणी लावलेला एक भरदार माणूस पुढे आला. हा टेरी, क्लबचा अध्यक्ष. सगळे त्याला शेरीफ म्हणायचे. नोकरीत असताना तो कौन्सिलचा नळदुरुस्तीवाला होता.

"या या!" टेरी मोठ्याने म्हणाला. "इतकी वर्षं नुसतेच काउबॉय होतो. आज एक इंडियन आला!"

टेरीच्या बायकोने डोळे मिटून घेतले. टेरीचे कान लाल झाले.

"यायलाच हवं होतं मला," दीनानाथ टोपीला बोट लावून म्हणाले. "तुम्ही एकटेच किती वर्षं खेळणार?"

जो हशा पिकला त्यात टेरीचा आवाज सगळ्यांत मोठा होता. पंधरा मिनिटांत दीनानाथांचा 'डीन' झाला आणि हातात अर्धा पाइंट शँडी, म्हणजे लेमनेड घातलेली बिअर, आली. स्टेजवर मॉरीन नावाची बाई गिटार घेऊन डकेटची गाणी गात होती. ती दिवसा दातांच्या डॉक्टरांकडे फोन घ्यायची, पण गायला लागली की कुठल्याही माणसाला आपण आयुष्यात कोणाचा तरी विश्वासघात केलाय असं वाटावं. मध्यंतरात तिने फर्माइशी विचारल्या. दीनानाथांनी हात वर केला.

"ते शिडीचं म्हणा."

"कुठलं?"

"ब्रिंग द लॅडर बॅक."

मॉरीनने टेरीकडे बघितलं. टेरी पुढे झाला. वेंडल डकेट हा त्याचा खास प्रांत होता. त्याच्याकडे एक जाड फाइल होती आणि त्यात डकेटची एकशे शहाऐंशी गाणी साल, बाजू आणि टेरीच्या स्वतःच्या शेऱ्यासकट नोंदलेली होती. "डीन," तो प्रेमाने म्हणाला, "डकेटने शिडीवर गाणं म्हटलेलं नाही. रेल्वेवर अकरा आहेत, पावसावर नऊ, आईवर सात. शिडी नाही."

"मी पन्नासशे वेळा ऐकलंय," दीनानाथ म्हणाले. रागावले की त्यांचे आकडे चुकत.

"मग म्हणून दाखव."

दीनानाथ उभे राहिले. मिरजेचा माणूस गाण्याला घाबरत नाही, असं ते स्वतःला म्हणाले, आणि घाबरतच गायले. आवाज मध्येच फाटला, कुत्र्याच्या भुंकण्याच्या जागी ते स्वतः भुंकले, पण शिडी दाराशी ठेवून माणूस निघून गेला तेव्हा मागच्या टेबलावरच्या एका म्हाताऱ्याने नाक शिंकरलं. मग सगळे एकदम बोलायला लागले. टेरीने फाइल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली आणि बंद केली.

"गाणं छान आहे," तो म्हणाला. "डकेटचं नाही. रेकॉर्ड आण, मी फाइल खाऊन दाखवतो."

त्या दिवसापासून क्लबात दीनानाथांचं नाव पडलं लॅडर. "काय लॅडर, सापडली का?" असं दर महिन्याला विचारलं जायचं. कोणी वाईट मनाने विचारत नव्हतं, पण दीनानाथांना ते लागायचं. खोटारडेपणाचा आरोप त्यांच्यावर उभ्या जन्मात पहिल्यांदाच झाला होता, आणि तो शिडीवरून व्हावा याचं त्यांना जास्त दुःख होतं.

शोध सुरू झाला. अमेरिकेतल्या दोन रेडिओ केंद्रांना पत्रं गेली. एकाचं उत्तर आलं, त्यात शिड्या विकणाऱ्या दुकानाचा पत्ता होता. रविवारी सकाळी गाडीच्या डिकीतून जुनं सामान विकणाऱ्यांचे बाजार पालथे घातले. एडिनबराला मुलगी ऋजुता होती, हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. तिला फोन केला.

"बाबा, मी सगळी इंटरनेट बघितला," दोन आठवड्यांनी तिने सांगितलं. तिचं मराठी वॉटफर्डला जन्मलेलं होतं, त्यामुळे त्यात पुरुषाची बाई आणि बाईचा पुरुष कधी होईल याचा नेम नसे. "लॅडर नावाचा एकपण गाणी नाहीये त्याची. आर यू शुअर तुम्ही स्वप्न नाही बघितली?"

"स्वप्नात कुत्रं कुठल्या ओळीला भुंकतं ते आठवत नाही," दीनानाथ म्हणाले.

असं वर्ष गेलं. शेवटी एके संध्याकाळी अमेरिकेला तिसरं पत्र लिहिताना बघून सुनेत्राबाईंनी हातातली भाजीची सुरी खाली ठेवली. "अहो, कलनच्या बर्नाडेटचं नाताळचं कार्ड येतं ना दरवर्षी? ईलिंगहून? तुम्ही जगभर पत्रं धाडताय. तिला फोन करा की."

दीनानाथांनी पेन खाली ठेवलं. बत्तीस वर्षं त्या कार्डांना त्यांनी स्वतः उत्तरं लिहिली होती.

बर्नाडेट कलनची थोरली. दीनानाथ त्यांच्याकडे राहत होते तेव्हा शाळेत जायची. आता स्वतः आजी होती. फोनवर म्हणाली, बाबांचं सगळं सामान माळ्यावर आहे, ये आणि बघ. मंगळवारी सकाळी दीनानाथ ईलिंगला पोचले. चहा झाला, कलनची आठवण निघाली, आणि मग दोघांनी छतातल्या चौकोनी दाराकडे बघितलं.

"वर चढायचं कसं?" दीनानाथांनी विचारलं.

"माझ्याकडे नाही," बर्नाडेट म्हणाली. "शेजाऱ्याकडे आहे. पण आम्ही बोलत नाही. त्याने माझं कुंपणाचं झाड छाटलं."

शिडी मागायला दीनानाथांनाच जावं लागलं. शेजारचा म्हातारा शिडी देताना म्हणाला, "तिला सांग, मी झाड छाटलं नाही, फक्त नीट केलं." दीनानाथांनी निरोप पोचवला. बर्नाडेटने उलट निरोप दिला, तो दीनानाथांनी पोचवला नाही.

माळ्यावर धुळीत, एका सुटकेसमध्ये, चारही रेकॉर्ड्स होत्या. तिसरी काढून दीनानाथांनी ती स्वेटरच्या बाहीने पुसली. खाली येऊन त्यांनी सगळ्यांत आधी शिडी पुसून शेजाऱ्याला परत केली. मग खिडकीशी उभं राहून उलटी बाजू उजेडात तिरकी धरली. शाई केव्हाच गेली होती. पण अडतीस वर्षं छापखान्यात काढलेल्या माणसाला शाई लागत नाही. अक्षरांचा दाब कागदात उरलेला असतो. दीनानाथ एकेक अक्षर लावत गेले. ब्रिंग. द. एल. मग जे अक्षर आलं ते ए नव्हतं. ई होतं. पुढे दोन टी.

'ब्रिंग द लेटर बॅक.'

"छपाईची चूक आहे," दीनानाथ ठामपणे म्हणाले. "आमच्याकडे याहून भयंकर चुका व्हायच्या. एकदा आम्ही पाद्र्याच्या फोटोखाली डुकराच्या जातीचं नाव छापलं होतं."

बर्नाडेटने मुलाचं रेकॉर्डचं यंत्र लावलं आणि सुई ठेवली.

कुरकुर झाली, गिटार वाजली, आणि सदतीस वर्षांनी वेंडल डकेट पुन्हा गायला लागला. या वेळी दीनानाथांना इंग्रजी येत होतं. अमेरिकन जीभ ट चा ड करते, हे त्यांना आता ठाऊक होतं; कलनच्या खोलीत ठाऊक नव्हतं. 'एखाददुसरी लाइन पुसलीय,' डकेट म्हणत होता. अमेरिकेत शिडीच्या पायरीला लाइन म्हणत असतील, अशी त्यांनी इतकी वर्षं समजूत घालून घेतली होती. 'आय केप्ट इट फोल्डेड इन माय कोट.' त्यांनी ऐकलं होतं कार्ट. घडीची शिडी, गाडीत ठेवलेली, यात न पटण्यासारखं काय होतं? 'त्यावर अजून तुझा स्टँप आहे.' त्यांनी ऐकलं होतं स्टँड. एका बाईचं जुनं प्रेमपत्र एक माणूस परत द्यायला आला होता. बस. असली गाणी त्या माणसाने आणि त्याच्यासारख्या शंभर जणांनी शंभर वेळा म्हटली होती. फक्त कुत्रं खरं होतं. ते अगदी वेळेवर भुंकलं.

"तुला बरं वाटत नाहीये का?" बर्नाडेटने विचारलं.

"मॅम," दीनानाथ म्हणाले, "मला पाणी मिळेल का?"

बर्नाडेटने ती रेकॉर्ड त्यांनाच देऊन टाकली. घरी येऊन त्यांनी सुनेत्राबाईंना सगळं सांगितलं. त्या आधी गंभीरपणे ऐकत होत्या. कोटाच्या खिशात घडी करून ठेवलेल्या शिडीपर्यंत त्यांनी कसाबसा धीर धरला. मग त्या इतक्या हसल्या की चहा बशीत, बशीतून टेबलावर आणि टेबलावरून दीनानाथांच्या पायावर गेला.

"हसू नकोस," दीनानाथ म्हणाले. "दादांना मी हे गाणं पाठवलं होतं. त्यांनी काकांकडे घंघाळ नेलं ते याच्या जोरावर. आणि गाण्यात शिडी नव्हतीच. सगळं खोट्यावर उभं राहिलं."

सुनेत्राबाईंनी डोळे पुसले. "मामंजींनी घंघाळ नेलं ते नेलं ना? बापूकाकांनी चहा केला ना? मग ते काय आता परत आणायचं?"

दीनानाथांनी पायावरचा चहा पुसला. पण रविवारी क्लबला जाऊ नये असं मात्र त्यांना जोरात वाटलं. रेकॉर्ड दाखवली नाही तर लॅडर नाव राहील. दाखवली तर मूर्ख ठरू. तीन दिवस विचार करून त्यांनी ठरवलं की मूर्ख ठरलेलं बरं, खोटारडं नको.

त्या रविवारी हॉल भरलेला होता. दीनानाथ स्टेजवर गेले, टोपी काढली आणि एका दमात कबुली दिली. लेटर, लॅडर, कोट, कार्ट, सगळं. कोणी हसलं नाही. अजून नीट कळलं नव्हतं. टेरी फाइल उघडून बोट फिरवत होता.

"आहे!" तो ओरडला. "एकशे त्रेचाळीस. ब्रिंग द लेटर बॅक. उलटी बाजू." मग त्याने शेरा वाचला आणि आवाज उतरला. "मीच लिहिलंय. 'दुबळं. वगळायला हरकत नाही.'"

रेकॉर्ड लावली. सगळ्यांनी शांतपणे ऐकली. संपल्यावर मागच्या टेबलावरचा तो नाक शिंकरणारा म्हातारा उठला.

"मला लॅडरवालं जास्त आवडलं होतं," तो म्हणाला. "पत्र परत करायला काय लागतं? पोस्टात टाकलं की झालं. शिडी पोस्टात टाकता येत नाही."

हॉलमध्ये एकदम पटल्याचा आवाज झाला. एक जण म्हणाला, अकरा मैल शिडी नेणं म्हणजे खांद्याची वाट. दुसऱ्याने त्याची लाकडी की ॲल्युमिनियमची अशी चौकशी केली. कोणीतरी टेरीला विचारलं की तो फाइल कधी खाणार. टेरी म्हणाला, रेकॉर्ड लेटरची निघाली, सबब फाइल सुरक्षित आहे. आणि मॉरीन गिटार घेऊन दीनानाथांच्या शेजारी येऊन बसली.

"तुझे शब्द मला लिहून दे, डीन," ती म्हणाली. "मी लॅडरवालंच म्हणणार. पण एक अडचण आहे. गाणं अर्धं वाटतं. तो शिडी ठेवून जातो, ठीक. ती बाई काय करते? एक कडवं हवं तिचं."

दीनानाथ महिनाभर त्या कडव्यापाशी अडले. जेवणाच्या टेबलावर कागदांचा ढीग झाला. एका कडव्यात बाई रडत होती, एका कडव्यात मेली होती, एका कडव्यात तिचं दुसरं लग्न झालं होतं. ती कुठल्याही कडव्यात नीट उभीच राहीना. एके संध्याकाळी सुनेत्राबाई कामावरून येऊन वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

"काय करेल गं ती?" दीनानाथांनी शेवटी विचारलं. "अकरा वर्षांनी दार उघडलं आणि दाराशी शिडी."

"काय करेल म्हणजे? त्याला हाक मारेल."

"आणि म्हणेल, परत ये?"

"परत ये कशाला म्हणेल? म्हणेल, अरे शहाण्या, निघालास कुठे? अकरा वर्षं माझी छपराची पन्हळ पानांनी तुंबलीय, भिंतीला ओल आलीय, शिडी नाही म्हणून मी बसलेय. आता आणलीच आहेस तर चढ वर आणि साफ कर." त्यांनी एक शेंग मोडली. "आपलीपण तुंबलीय. दोन वर्षं सांगतेय."

दीनानाथांनी पेन उचललं आणि बायकोचं बोलणं जसंच्या तसं इंग्रजीत उतरवलं. यमक जुळवायला मॉरीनला दोन दिवस लागले. आपलं बोलणं कुठे जाऊन पोचलंय हे सुनेत्राबाईंना कोणी सांगितलं नव्हतं. "एकदा येऊन तर बघ," एवढंच दीनानाथ म्हणाले, आणि मार्चमधल्या पहिल्या रविवारी त्या जरीच्या साडीवर कार्डिगन घालून पहिल्यांदाच क्लबात आल्या.

मॉरीनने गाणं सुरू केलं. अकरा वर्षं, अकरा मैल, खांद्यावर शिडी. पुरुषमंडळी माना खाली घालून ऐकत होती. कुत्रं भुंकलं, ते काम आता टेरीकडे होतं. माणसाने शिडी दाराशी टेकवली आणि पाठ फिरवली. आणि मग बाईचं कडवं आलं. पन्हळ आली, पानं आली, भिंतीची ओल आली. सुनेत्राबाईंचा चहाचा कप ओठांपाशी थांबला. 'आता आणलीच आहेस तर चढ वर' ही ओळ मॉरीनने उभं राहून, बोट रोखून म्हटली, आणि ओळीत नाचणाऱ्या सगळ्या बाया किंचाळल्या. टेरीच्या बायकोने टेबलावर मूठ आपटून टेरीकडे बघितलं. कोणीतरी ओरडलं, "पुन्हा! बाईचं पुन्हा!" तीन वेळा ते एकच कडवं म्हणावं लागलं.

टाळ्या थांबल्यावर मॉरीनने माइकवर सांगितलं, "हे कडवं मिसेस खांबेट्यांचं आहे. त्या आज इथे आहेत. उभ्या राहा, प्लीज."

दीनानाथ टोपी सावरत उठले.

"खाली बसा," सुनेत्राबाई म्हणाल्या. "नाव माझं घेतलंय."

आणि पदर खांद्यावर नीट घेऊन त्या स्टेजकडे निघाल्या. टेरी फाइल उघडून त्यांच्या मागोमाग गेला, कारण एकशे सत्त्याऐंशीव्या गाण्यापुढे कवीच्या रकान्यात सुनेत्राचं स्पेलिंग काय लिहायचं, हे त्याला कळत नव्हतं.